‘घरच्यांनी ठरवावे’, पण घरचे म्हणजे कोण?

प्रश्न : मी ६८ वर्षांची पारलिंगी स्त्री, इंदूरला सुदामा नगरात राहते. जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र आणि आधार कार्ड माझ्या आताच्या नावाचे आहे. कॅन्सर तिसऱ्या स्टेजला आहे. बावीस वर्षे मानलेली मुलगी सांभाळते. देवासचा भाऊ आणि पुतण्या म्हणतात, शेवटचे सगळे घराण्याच्या रीतीने, जुन्या नावाने, धोतर नेसवून करू. मला नऊवारी, हिरव्या बांगड्या, गळ्यात तुळशीची माळ हवी. कानावर हरिपाठ पडावा, व्हेंटिलेटर नको. दोन वर्षांपूर्वी मृत्युपत्रात हे सगळे लिहून लॉकरमध्ये ठेवले आहे. पुरेसे आहे ना?

उत्तर : नाही, ताई. अशी पत्रे मला सारखी येतात आणि प्रत्येकीने कागद लॉकरमध्येच ठेवलेला असतो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलू लागते. तुम्ही बेशुद्ध असताना डॉक्टरला त्याचा काही उपयोग नाही, आणि लॉकर उघडेपर्यंत तेरावा उलटून गेलेला असतो.

तुम्ही पाठवलेल्या प्रतीत एक ओळ आहे : ‘शुद्ध हरपल्यास उपचारांचे घरच्यांनी ठरवावे.’ सगळे या ओळीवर अडणार आहे. तुमच्या मनात घरचे म्हणजे ती मुलगी. आयसीयूच्या दारातल्या डॉक्टरसाठी घरचे म्हणजे देवासहून आलेला सख्खा भाऊ. तुम्ही स्वतःच्या हाताने त्याला हा अधिकार लिहून दिला आहे. मला राग येतो तो यासाठी की दोन वर्षांपूर्वी हे एका दुपारचे काम होते.

आजही आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, म्हणून कुणी वाटेला जात नसे. जानेवारी २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. दोन साक्षीदार लागतात, ते शक्यतो तिऱ्हाईत असावेत. कोणते उपचार कधी नकोत ते स्पष्ट लिहा, वेदनाशमन मात्र शेवटपर्यंत हवे हेही लिहा. तुमच्या वतीने कोण बोलणार ते नावानिशी लिहा : मुलगी, आणि ती नसल्यास आणखी एक. रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे उपचार थांबवण्याचा विचार करतात तेव्हा संमती याच माणसांची घेतात. ‘घरचे’ हा शब्द या कागदात कुठेही नको. एक प्रत मुलीकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, एक नगर निगमात, एक रुग्णालयाच्या फायलीत.

फायलीवरून आठवले, तुमच्या डिस्चार्ज कार्डावर अजून जुनेच नाव आहे. प्रमाणपत्र हातात असताना ते तसेच का राहू दिलेत? मृत्यूची नोंद रुग्णालयातून त्याच नावाने जाईल. हे आधी बदला.

अंत्यविधीचे मात्र खात्रीने सांगता येत नाही. तशी इच्छा लिहिता येते, पण तिची सक्ती करायला कोर्टात जावे लागते. आमच्याकडे साध्या मनाई अर्जाला पेशीमागून पेशी, म्हणजे तारखेमागून तारीख पडते, आणि देह तेवढा थांबत नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवले, त्यात जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराने देह ताब्यात घेण्याची सोय आहे. तुमचे नातेवाईक आहेत, शिवाय मुलगी जोडीदार नव्हे, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

एका रुग्णालयाच्या खिडकीशी मी हे पाहिले आहे. आतला माणूस एकच प्रश्न विचारत होता, ‘ब्लड रिलेशन कोण?’ समोर पंधरा वर्षे सेवा केलेली बाई उभी होती, हातात पॉलिथिनच्या पिशवीत इस्त्री केलेले लुगडे. तिला तिथून परत पाठवले. तिच्याकडे एकही सही केलेला कागद नव्हता.

म्हणून वेगळे, सही-साक्षीचे पत्र करा : नाव कोणते, वस्त्र कोणते, माळ काढायची नाही, विधी कोण करणार. आणि भावाला तुम्ही जिवंत असताना समोर बसवून ते वाचून दाखवा. त्याने ‘हरकत नाही’ म्हणून सही केली तर खटल्याची वेळ बहुधा येणारच नाही. नाही केली, तर तो काय करणार हे निदान आज कळेल. हरिपाठाचे वॉर्डातल्या सिस्टरांशी आताच बोलून ठेवा. हळू आवाजात अर्ध्या तासाच्या आत होतो, सहसा कुणी अडवत नाही.

घराचे मृत्युपत्र वेगळे राहू द्या, त्यात मुलीला व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी, नेमा. घर स्वकष्टाचे की वडिलोपार्जित, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. कधी हिजडा समुदायाच्या डेऱ्यात गुरू केला असेल तर तेही सांगा, कारण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९९० मध्ये गुरु-चेल्याची वारसा-रूढी, म्हणजे मालमत्ता गुरु-चेल्यांच्या नात्यातच जाण्याची रीत, मान्य केली होती.

या आठवड्यात नोटरीकडे जा, पुढच्या केमोची वाट पाहू नका. मुलीचे नाव तिच्या आधार कार्डावर जसे आहे तसेच, अक्षरन्‌अक्षर उतरवा. आणि लुगडे कुठल्या कपाटात ठेवले आहे ते तिला आजच दाखवा.