कोपर आपटतं, मग झिणझिण्या करंगळीत का?

प्रश्न : डॉक्टर, मी रोज भांडुपहून सीएसएमटीला जाते. गर्दीत लोकलच्या दांड्यावर कोपर आपटलं की करंट बसतो, पण झिणझिण्या येतात करंगळीत! असं का? हल्ली रात्री मोबाइल बघत पडले तरी तीच बोटं बधिर होतात. मेंदूचं तर काही नाही ना?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यावरून दुखणं कोपराचंच दिसतं. तिथून अल्नर नर्व्ह जाते. ती मानेच्या तळाशी मज्जारज्जूतून निघते, दंडातून उतरते आणि कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड लागतं, त्याच्या मागच्या खाचेतून पुढे जाते. एरवी तिच्यावर स्नायूंचं पांघरूण असतं, इथे मात्र जवळपास नुसती कातडी. खाचेत बोट हलकेच फिरवा, बोटाखालून सटकेल ती. परळला शिकवताना मी पोरांना आधी स्वतःच्याच कोपरात ती शोधायला लावायचे. कुष्ठरोगात ही नर्व्ह जाड होते, त्यामुळे वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयात पेशंट बघायला गेल्यावर त्या सरावाचा उपयोग व्हायचा.

हिचे संवेदनेचे तंतू येतात करंगळीकडून आणि शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागाकडून. हो, अर्ध्याच! अनामिकेची अंगठ्याकडची बाजू दुसऱ्या नर्व्हकडे. तंतूवरून निरोप आला, एवढंच मेंदूला कळतं. तो टोकाशी सुटला की वाटेत, हे कळत नाही. म्हणून धक्का कोपराला आणि बोंब करंगळीची. मॉन्ट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड तर जाग्या पेशंटच्या उघड्या मेंदूला बारीक विद्युतप्रवाह लावायचे, तेव्हा पेशंट म्हणायचे, बोटांत मुंग्या आल्या. हाताला कुणी शिवलेलंही नसायचं. त्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मेंदूच्या पृष्ठभागावर कुठे हात, कुठे ओठ, हे दाखवलंय.

आता मोबाइल. कोपर दुमडलं की ही नर्व्ह ताणली जाते आणि तिची वाटही अरुंद होते. तासभर तसंच पडलात तर ती कुरकुरणारच. मोबाइल उशीला टेकवा. झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे हात पूर्ण दुमडणार नाही. ऑफिसात टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसायची सवय असेल तर तीही सोडा.

अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. कागद धरून ठेवताना अंगठ्याचं टोक वाकत असेल, किंवा त्या दोन बोटांमधला मागचा मांसल भाग खोलगट दिसत असेल, तर स्नायू अशक्त होतायत; न्यूरोलॉजिस्टला दाखवा. बधिरपणा दिवसाही जात नसेल तरी दाखवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दुखणं बहुधा मनगटाशी असतं, ते वेगळं प्रकरण.

मेंदूचं दुखणं सहसा एवढं नेमकं दीड बोट निवडत नाही. अचानक अख्खा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, तर मात्र टॉवेल-बिवेल नको. १०८ला फोन करून थेट मोठं हॉस्पिटल गाठा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.