इव्हेंट कॅमेरा म्हणजे जास्त फ्रेम काढणारा कॅमेरा का? आणि त्यात ‘स्टॅक्ड सेन्सर’ कशाला?

तुमचा तिसरा प्रश्न, कॉलेज प्रोजेक्टसाठी घ्यावा का, तो शेवटी घेतो. पहिल्याचं उत्तर: ‘नाही’. हा कॅमेरा फ्रेम, म्हणजे अख्खं चित्र, काढतच नाही.

नेहमीच्या कॅमेऱ्यात समोर कोरी भिंत असो की धावती गाडी, सगळे पिक्सेल ठरल्या ठेक्यावर मोजमाप देतात. इव्हेंट सेन्सरमधला पिक्सेल आपल्यावरचा उजेड साधारण २० टक्के (हे सेटिंगवर आहे) वाढला किंवा घटला तरच बोलतो. तेही एवढंच, आणि यालाच ‘इव्हेंट’ म्हणतात: मी या ओळीतला, या स्तंभातला, उजेड वाढला की घटला, आणि वेळ मायक्रोसेकंदात. एरवी गप्प. बदल टक्केवारीत पाहत असल्यामुळे भर उन्हात आणि बोगद्यात त्याचं काम बऱ्याच अंशी सारखंच चालतं.

मी पुण्यात मशीन व्हिजनचं, म्हणजे यंत्रांना कॅमेऱ्यातून ‘पाहायला’ शिकवण्याचं काम करतो. हा कॅमेरा पहिल्यांदा जोडला तेव्हा टेबलावर काहीच हलत नव्हतं, तरी स्क्रीनवर ठिपक्यांचा नुसता पाऊस. अर्धा तास केबल आणि ड्रायव्हर तपासण्यात गेला. शेवटी दोषी निघाली डोक्यावरची ट्यूबलाइट! आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. आपल्याला ते दिसत नाही, याला दिसतं. (आता हे गाळायची सोय काही सेन्सरच्या चिपवरच असते.) ट्यूब बंद केली, हात समोर स्थिर धरला, तर हातच गायब. ‘याला एवढे पैसे मोजले?’ असं सहकाऱ्यानं विचारलंच.

आता स्टॅकिंग, म्हणजे चिपवर चिप रचणं. इव्हेंट कॅमेऱ्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी दृष्टिपटलाची नक्कल करणारी चिप १९८०च्या दशकाच्या अखेरीस केली होती. लिख्टस्टायनर, पॉश आणि डेलब्रुक या संशोधकांनी २००८ साली मांडलेला सेन्सर अवघा १२८ × १२८ पिक्सेलचा, आणि एकेक पिक्सेल ४० मायक्रॉनचा. मोबाइलमधला पिक्सेल एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा असतो, म्हणजे अंदाज येईल. कारण साधं आहे: स्वतः निर्णय घ्यायचा तर प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर हवा, तुलना करणारं सर्किट हवं. हा संसार मांडल्यावर उजेड पकडायला १० टक्क्यांहूनही कमी जागा उरली.

जागा पुरेना की आपण मजला चढवतो, तेच इथे केलं. दुमजली सेन्सर सोनीनं २०१२ सालीच मोबाइलसाठी आणले होते. पण त्यांत वरखाली जोडणी चिपच्या कडेला असायची. दोन मजले, पण जिना घराच्या कडेला. फोटोसाठी तेवढं चालतं, कारण पिक्सेल ओळीओळीनं वाचायचे असतात. इव्हेंट पिक्सेलला मात्र खोलीगणिक आपला जिना लागतो. तांब्याचे सूक्ष्म ठिपके समोरासमोर थेट जोडायचं तंत्र २०१६ च्या सुमारास मोबाइल सेन्सरमध्ये आलं आणि ती अडचण सुटली. २०२० मध्ये सोनी आणि पॅरिसच्या प्रोफेसी कंपनीनं १२८० × ७२० चा सेन्सर मांडला: पिक्सेल ४.८६ मायक्रॉन, उजेडासाठीची जागा सुमारे ७७ टक्के. वर उजेड पकडणारा फोटोडायोड आणि थोडे ट्रान्झिस्टर, बाकी सगळं खाली. माझ्या मते हा कॅमेरा प्रयोगशाळेबाहेर पडला तो या जिन्यांमुळे.

आता घ्यावा का? लगेच नको, महाग आहे. साध्या व्हिडिओपासून इव्हेंट बनवून देणारं व्ही-टू-ई नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, महिनाभर त्यावर काम करून पाहा. मोटरचं कंपन मोजणं, पट्ट्यावरून पडणारे दाणे मोजणं, असं काही असेल तर हा कॅमेरा अफलातून आहे. पण तोच ड्रोनवर बसवलात तर कॅमेरा हलला की झाडाचं प्रत्येक पान बोलायला लागतं आणि डेटा साध्या कॅमेऱ्यापेक्षाही जास्त होऊ शकतो. म्हणून एवढं कळवा: तुमच्या प्रोजेक्टमध्ये हलणार कोण, वस्तू की कॅमेरा?