म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय दुखतात, भांग द्यावी की सीबीडी तेल? (चोपड्याच्या ताईंना उत्तर)

ताई, तुमचं सगळं वाचलं. शेरू अकरा वर्षांचा, वजन २४ किलो, मागचे दोन्ही पाय धरलेत, रात्री कण्हतो, डॉक्टरांच्या दुखण्याच्या गोळीने पोट बिघडलं म्हणून ती तुम्ही बंद केली, आणि आता मळ्यातले सालदार बाबा म्हणतात दुधात भांग घोटून द्या आणि पुण्याचा भाचा म्हणतो ऑनलाइन सीबीडी तेल मागव (सीबीडी म्हणजे भांगेच्याच झाडातला, नशा न करणारा घटक). तर माझं म्हणणं आधीच सांगतो, भांग अजिबात नको, तेलाचा विचार करता येईल पण ते शेवटचं औषध आहे, पहिलं नाही.

भांग का नको ते नीट सांगतो कारण आपल्याकडे सगळे म्हणतात "काही व्हत नही भो, झाडपालाच शे". माणसाला नशा करणारा जो घटक आहे टीएचसी, तो ज्या जागी जाऊन चिकटतो त्या जागा कुत्र्याच्या लहान मेंदूत माणसापेक्षा खूप जास्त असतात, आणि चालताना तोल सांभाळायचं काम लहान मेंदूचंच. म्हणजे ज्याचे मागचे पाय आधीच धड नाहीत त्याला आपण अजून झोकांड्या खायला लावतो. होळीला आमच्या गल्लीत ठंडाईचं पातेलं चाटलेला कुत्रा मी पाहिलाय, उभ्या उभ्या डोलत होता, लघवी आपोआप ठिबकत होती, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या आणि कोणी नुसतं जवळून गेलं तरी दचकायचा. त्याला मजा वाटत नसते हो, तो घाबरलेला असतो. बरं घोटलेल्या भांगेत टीएचसी किती हे कोणालाच माहीत नसतं, आज चमचाभर चाललं म्हणून उद्या चालेल असं नाही. ठंडाईत मनुका असतील तर अजून वेगळी भानगड, मनुका कुत्र्याच्या किडनीला विषारी.

चुकून खाल्लीच कधी, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याने जास्त नुकसान होतं. शांत, अंधाऱ्या जागी ठेवून सरळ डॉक्टरकडे न्या आणि खरं सांगा काय खाल्लं ते. लोक लाजेने सांगत नाहीत मग डॉक्टर बिचारा विषबाधा शोधत बसतो.

आणि ते बाबांचं "बांधावर एक झाड लावून टाकू", ते तर बोलूच नका. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजाचं झाड (भांगेचं तेच) परवान्याशिवाय लावणं हाच गुन्हा आहे, शिरपूरकडच्या धाडी पेपरात वाचतोच की आपण. नुसती पानं, म्हणजे भांग, त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत हे खरं, पण आपल्या राज्यात भांगेवर दारूबंदीचा १९४९ चा कायदा आहेच. 

आता तेल. इथे लोक फसतात कारण ऑनलाइन एकाच हिरव्या पानाचं चित्र लावून दोन वेगळ्या वस्तू विकतात. एक असतं हेम्प सीड ऑइल, म्हणजे त्याच झाडाच्या बियांचं तेल. एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये बी आणि बियांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलंय, कोणीही घेऊ शकतं, ओमेगा वगैरे चांगलं असतं, कातडीला केसाला ठीक. पण त्यात सीबीडी जवळपास नसतंच, दुखण्यासाठी ते देणं म्हणजे जवसाचं तेल देण्यासारखंच. दुसरं असतं विजया अर्क (विजया हे भांगेचं आयुर्वेदातलं नाव), पानांपासून काढलेलं, आयुषच्या परवान्याखाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. सीबीडी असतं ते यात. पण यातसुद्धा काही बाटल्यांत टीएचसी सीबीडीच्या बरोबरीने असतं, माणसाच्या दुखण्यासाठी बनवलेल्या असतात त्या, कुत्र्याला नको. लेबलवर सीबीडी किती मिलिग्रॅम आणि टीएचसी किती हे वेगवेगळं लिहिलेलं नसेल, त्या बॅचचा लॅब रिपोर्ट मागितल्यावर देत नसतील, तर कितीही गोड बोलू दे, घेऊ नका.

फायदा होतो का? सांध्याच्या दुखण्यात होतो असं दिसलंय. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने २०१८ मध्ये संधिवाताच्या कुत्र्यांवर अभ्यास केला, किलोमागे २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दुखणं कमी झालं आणि हालचाल वाढली, पण लिव्हरचं एक एन्झाइम, अल्कलाइन फॉस्फटेज, ते काहींचं वाढलेलं आढळलं. अभ्यास लहान होता हेही लक्षात ठेवा. फिट्ससाठी तिकडेच कोलोरॅडोला २०१९ मध्ये अभ्यास केला तेव्हा झटके सरासरी कमी झाले, पण तेही चालू औषधांच्या जोडीला दिलं होतं, औषधं बंद करून नाही. कुत्र्यांसाठी म्हणून अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनेसुद्धा असं कोणतंही औषध अजून मंजूर केलेलं नाही.

आता हिशोब, हा कोणी करत नाही. तुमच्या शेरूला त्या कॉर्नेलच्या प्रमाणाने एका वेळी ४८ मिलिग्रॅम लागतील. ३० मिलीच्या बाटलीत एकूण १००० मिलिग्रॅम सीबीडी असेल तर एका मिलीत ३३, म्हणजे एका वेळी जवळपास दीड मिली, दिवसाला तीन, बाटली दहा दिवसांत खल्लास. आणि विकणारे सांगतात "चार थेंब द्या". चार थेंबांत सहा-सात मिलिग्रॅम जेमतेम. म्हणून काहींना वाटतं काहीच फरक नाही आणि काहींचा महिन्याचा खर्च ऐकून चेहरा पडतो. थेंब मोजू नका, मिलिग्रॅम मोजा, सुईशिवायच्या सिरिंजने. सुरुवात मात्र याच्या पाव भागाने, जेवणासोबत (रिकाम्या पोटी अंगाला कमी लागतं), आणि डॉक्टरांना सांगूनच वाढवायचं. त्यांना सांगायचं कारण असं की सीबीडी लिव्हरमध्ये बाकीच्या औषधांच्या वाटेत येतं, फिट्सची गोळी चालू असेल तर खासकरून.

आमच्या मोतीला शेवटच्या काळात दिलं होतं, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दुखण्याच्या गोळीच्या जोडीला. तरणा झाला नाही, पण रात्री झोपायला लागला आणि सकाळी अंगणात स्वतः उठून जायचा. सुरुवातीला शी पातळ झाली, दुपारभर सुस्त पडायचा, प्रमाण कमी केल्यावर बरं झालं. उन्हाळ्यात या सुस्तीवर लक्ष ठेवा बरं, आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसपर्यंत पारा जातो आणि गुंगीतला कुत्रा उन्हातून सावलीत सरकत नाही, पाण्याकडे जात नाही. बाटली पण पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

पण ताई खरा मुद्दा हा की शेरूला संधिवातच आहे हे कोणी ठरवलं? एक्स-रे काढलाय का? तुम्ही लिहिलंय मळ्यात फिरतो, गोचिड होतात. गोचिडतापात पण सांधे दुखतात, कुत्रा मलूल होतो, आणि तो रक्त तपासून डॉक्सीसायक्लिनने बरा होऊ शकणारा आजार आहे, तिथे महिनाभर तेल देत बसलो तर आजार आत वाढत जातो. तसंच लघवीच्या जागी गाठ असलेले कुत्रे लोक "कॅन्सर आहे, भांगेचं तेल देतोय" म्हणून ठेवतात, ती गाठ बहुतेकदा व्हिन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी जाते. हे बघून मला खरंच राग येतो.

आणि पोट बिघडलं म्हणून गोळी कायमची बंद करण्याआधी डॉक्टरांना परत विचारा. रिकाम्या पोटी दिली होती का, दुसरी गोळी आहे का, गॅबापेंटिन चालेल का. स्वतःच्या मनाने घरातली कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक बिलकुल नको, कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी जाते. तोवर घरातल्या शहाबादी फरशीवर गोणपाट टाका जिथून तो उठतो तिथे, पाय घसरले की त्याच्या दुखण्यात भर पडते, आणि वजन दोन-तीन किलो उतरवता आलं तर बघा, दुधात कुस्करलेली भाकरी निम्मी करा, भरीत-शेवभाजीचं उरलेलं देऊच नका, कांदा-लसूण असतो त्यात.

जवळ सोय नसेल तर जळगावला नेऊन एक्स-रे आणि रक्त करून घ्या, क्रिएटिनिन, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि गोचिडतापाची तपासणी एवढं सांगा. रिपोर्ट आले की आकडे इथे टाका, आणि भाच्याने सुचवलेल्या बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पण, पुढच्या बाजूचा नको, तिथे नुसतं पान असतं.