वाचकांचे प्रश्न : जुन्या कलाकृतींत न लिहिलेली नावे

प्रश्न : मला १९३० च्या आसपासचे कृष्णधवल चित्रपट फार आवडतात. त्यांत एखादी अभिनेत्री पुरुषी पोशाखात येते किंवा दोन स्त्रियांमधली जवळीक नुसती सूचित होते, तेव्हा मला तिथे मैत्रीपलीकडचे काही दिसते. सोबत बसलेली मंडळी मात्र म्हणतात, की मी आजचे विचार जुन्या काळावर लादते आहे. माझे चुकते आहे का?

उत्तर : आपले चुकत नाही, आणि तसे म्हणायला त्याच काळाचा पुरावा आहे. योझेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या १९३० च्या ‘मोरोक्को’ या चित्रपटात मार्लेन डीट्रिश टेलकोट आणि उंच टोपी घालून रंगमंचावर गातात, प्रेक्षकांत बसलेल्या एका स्त्रीकडून फूल मागून घेतात, तिच्या ओठांचे चुंबन घेतात आणि तेच फूल नायकाकडे भिरकावतात. पडद्यावरचा प्रेक्षकवर्ग टाळ्या वाजवतो. या भूमिकेसाठी डीट्रिश यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. हा प्रसंग नंतर कोणी शोधून काढलेला नाही. तो पहिल्या दिवसापासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

आपल्या सोबत्यांना दाखवण्याजोगा याहून भक्कम पुरावा सेन्सॉरच्या नियमांत आहे. हॉलिवूडने १९३० मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता स्वीकारली आणि १९३४ च्या मध्यापासून ती काटेकोरपणे लागू केली. ‘लैंगिक विकृती’ किंवा तिची नुसती सूचनासुद्धा त्या संहितेने निषिद्ध ठरवली होती. समलिंगी प्रेमाचा उल्लेख त्या शब्दांत व्हावा, हे वाचताना आजही मनाला लागते. पण प्रेक्षक सूचना ओळखतात हे संहिता लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते, हेही त्याच वाक्यातून सिद्ध होते. ज्या सूचनेची त्यांना धास्ती वाटत होती, तीच आज आपल्याला दिसली, तर त्यात लादण्यासारखे काय आहे?

या संहितेने नेमके काय केले, हे समजण्यासाठी लिलियन हेलमन यांच्या १९३४ च्या ‘द चिल्ड्रन्स अवर’ या नाटकाचा प्रवास पाहावा. शाळा चालवणाऱ्या दोन शिक्षिकांचे परस्परांशी प्रेमसंबंध आहेत, अशी अफवा एक विद्यार्थिनी पसरवते आणि त्यात त्यांचे आयुष्य उद्ध्वस्त होते, असे त्याचे कथानक आहे. विल्यम वायलर यांनी १९३६ मध्ये त्यावर चित्रपट केला, तेव्हा नाटकाचे नावही वापरता आले नाही. पटकथा हेलमन यांनीच लिहिली, पण अफवेचा विषय बदलून एक शिक्षिका आणि दुसरीचा वाग्दत्त वर यांच्यातले कथित संबंध असा करावा लागला. पंचवीस वर्षांनी, १९६१ मध्ये, वायलर यांनीच ऑड्री हेपबर्न आणि शर्ली मॅक्लेन यांना घेऊन मूळ कथानकाचा चित्रपट पुन्हा केला. त्याच वर्षी संहिताही थोडी सैल झाली होती. तरीही ज्या शिक्षिकेला स्वतःच्या प्रेमाची जाणीव होते, तिच्या वाट्याला शेवटी आत्महत्याच येते. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ दोन दिवसांत पाहावेत, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवीन, कारण कात्री कुठे लागली हे तेव्हा प्रसंगागणिक कळत जाते.

हॉलिवूडच्याही आधी बर्लिनमध्ये याहून धीट काम झाले होते. रिचर्ड ओस्वाल्ड यांच्या १९१९ च्या ‘आंडर्स आल्स दी आंडर्न’ या मूकपटात कॉनराड फाइट यांनी एका व्हायोलिनवादकाची भूमिका केली. समलिंगी असल्याबद्दल त्याला धमकावून पैसे उकळले जातात आणि तो अखेरीस जीव देतो. पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम १७५ ला या चित्रपटाने उघड विरोध केला. त्याचे सहलेखक डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड स्वतः पडद्यावर येऊन बोलतात. पुढच्याच वर्षी त्याच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी आली. हिर्शफेल्ड यांच्या लैंगिकविज्ञान संस्थेवर मे १९३३ मध्ये नाझींनी धाड घातली आणि तिथली पुस्तके जाळली. चित्रपट आज अपूर्ण अवस्थेतच उरला आहे. तो पाहताना मधले तुटलेले दुवे खटकतात, पण ते तुटलेपणही त्या इतिहासाचाच भाग आहे. दिग्दर्शिका लिओन्टीने सागान यांचा १९३१ चा ‘मेडशेन इन युनिफॉर्म’ हाही आवर्जून पाहावा. मुलींच्या वसतिगृहात घडणाऱ्या या बोलपटात एकही पुरुष पात्र नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पुरुषी कपडे घातलेली प्रत्येक नायिका क्वीअर, म्हणजे स्त्री-पुरुष प्रेमाच्या रूढ चौकटीबाहेरच्या, इतिहासाची साक्षीदार नसते. वेशांतर ही रंगभूमीची फार जुनी युक्ती आहे. म्हणून चित्रपटाचे वर्ष १९३४ च्या आधीचे की नंतरचे, मूळ कथा कोणाची आणि तिच्यातले काय गाळले गेले, हे पाहण्याची सवय ठेवावी. श्रेयनामावलीही शेवटपर्यंत वाचावी. १९३० च्या दशकातल्या मोठ्या स्टुडिओंत सातत्याने दिग्दर्शन करणाऱ्या डोरोथी आर्झनर या एकट्याच स्त्री होत्या. त्यांच्या १९४० च्या ‘डान्स, गर्ल, डान्स’ मध्ये एक नर्तकी नाच थांबवते आणि आपल्याकडे टक लावून पाहणाऱ्या पुरुषांना रंगमंचावरूनच खडसावते. तो चित्रपट तेव्हा चालला नाही आणि १९७० च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी तो पुन्हा पुढे आणला. नृत्यदिग्दर्शिका मॅरियन मॉर्गन यांच्यासोबत आर्झनर यांनी अनेक दशकांचे सहजीवन घालवले, हे कळल्यावर त्या प्रसंगातली नजर कोणाची आहे, हा प्रश्न अधिक अर्थपूर्ण होतो.

प्रश्न : पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासात स्त्री रचनाकार जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांनी रचना केल्याच नाहीत, असे समजावे का?

उत्तर : रचना भरपूर झाल्या; नावे मात्र गेली. जर्मन रचनाकार फेलिक्स मेंडेल्सोन यांची बहीण फॅनी मेंडेल्सोन यांनी साडेचारशेहून अधिक रचना केल्या, पण त्यांच्या वडिलांनी १८२० मध्येच त्यांना पत्राने बजावले होते, की संगीत हा भाऊ फेलिक्स याचा व्यवसाय होऊ शकेल, फॅनीसाठी मात्र तो केवळ अलंकारच राहील. त्यांची सहा गीते फेलिक्स यांच्या नावाने छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने फेलिक्स यांच्यापुढे त्यांचेच आवडते गीत म्हणून जे गायिले, ते फॅनी यांचे निघाले आणि फेलिक्स यांना तसे कबूल करावे लागले. स्वतःच्या नावाने रचना प्रसिद्ध करायला फॅनी यांनी १८४६ मध्ये सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा १८२८ चा ‘ईस्टर सोनाटा’ तर २०१० पर्यंत भावाचाच मानला जात होता, कारण हस्तलिखितावर ‘एफ. मेंडेल्सोन’ एवढेच लिहिलेले होते, आणि त्या एका आद्याक्षराचा अर्थ ‘फेलिक्स’ असाच लावला गेला.

इंग्लंडच्या रचनाकार एथेल स्मिथ यांचा ऑपेरा १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सादर झाला. तिथे दुसऱ्या स्त्रीचा ऑपेरा येण्यासाठी २०१६ साल उजाडावे लागले. स्मिथ यांनी स्त्रियांवरचे आपले प्रेम आत्मचरित्रपर लेखनात आणि पत्रांत फारसे लपवले नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

आपण केवळ अभिजात संगीतापाशी थांबू नये, असे मला वाटते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या संगीतप्रकारातल्या गायिका मा रेनी यांनी १९२८ मध्ये ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. त्यातली गायिका पुरुषी कपडे घालते, स्त्रियांच्या सहवासात रमते आणि लोकांना सांगते, की बोलता आहात ते सिद्ध करून दाखवा. कंपनीच्या जाहिरातीतल्या चित्रात टोपी, कोट आणि टाय घातलेली गायिका दोन स्त्रियांशी बोलते आहे आणि पोलीस दुरून पाहतो आहे. म्हणजे तबकडी विकणाऱ्यांनाही गाण्याचा अर्थ नेमका कळला होता.

प्रश्न : चित्रकर्ती रोझा बॉन्यूर यांना ‘लेस्बियन’ म्हणणे योग्य आहे का? त्यांनी स्वतःसाठी हा शब्द वापरला नव्हता.

उत्तर : शब्दाबाबत आपला संकोच मला रास्त वाटतो. पण त्या संकोचापायी चरित्रकारांनी वर्षानुवर्षे ‘मैत्रीण’ एवढ्यावर भागवले, तेही प्रामाणिक नव्हते, कारण तोही निवडलेलाच शब्द होता. माझी पद्धत अशी, की आधी घडलेले पूर्णपणे सांगावे. बॉन्यूर यांनी नाताली मिका यांच्यासह चाळीसहून अधिक वर्षे संसार केला. घोडेबाजारात आणि कत्तलखान्यांत रेखाटने करता यावीत म्हणून त्यांनी पॅरिस पोलिसांकडून विजार घालण्याचा परवाना घेतला. असा एक परवाना आजही उपलब्ध आहे. ‘घोडेबाजार’ हे त्यांचे सुमारे पाच मीटर रुंदीचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लेजियन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री कलावंत ठरल्या, तो १८६५ मध्ये. मिका १८८९ मध्ये वारल्या. आयुष्याच्या अखेरच्या वर्षात चित्रकर्ती ॲना क्लुम्के त्यांच्याकडे राहायला आल्या. बॉन्यूर यांनी आपली सारी मालमत्ता त्यांच्या नावे केली आणि क्लुम्के यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले.

एवढे सांगितल्यावर ‘क्वीअर’ हा व्यापक शब्द वापरायला मला अडचण वाटत नाही. ‘लेस्बियन’ म्हणताना तो आपल्या काळाचा शब्द आहे, एवढे नमूद करावे. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत बॉन्यूर, मिका आणि क्लुम्के या तिघी एकाच थडग्यात आहेत. क्लुम्के १९४२ मध्ये वारल्या आणि त्यानंतर त्यांनाही तिथेच, त्या दोघींजवळ, ठेवण्यात आले.