डीएनए जन्मभर तोच राहतो, तर म्हातारपणी पेशींत नेमके काय बदलते?

आपण विचारले आहे की, डीएनए जन्मभर जवळजवळ तसाच राहत असेल तर वयासोबत पेशींत काय बिघडते, हेटरोक्रोमॅटिनचा त्याच्याशी संबंध काय, आणि हे बदल मागे फिरवता येतात का. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्यांभोवती गुंडाळला गेल्यामुळेच तो केंद्रकात मावतो. ही गुंडाळी सैल असते तेथील जनुके वाचली जातात. जेथे ती घट्ट असते आणि वाचन बहुतांशी बंद असते, तो भाग म्हणजे हेटरोक्रोमॅटिन. वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल हाइट्स यांनी १९२८ मध्ये त्याला हे नाव दिले. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थिनी गालाच्या आतून हलकेच खरवडून काढलेल्या पेशी काचपट्टीवर पसरतात, ॲसिटो-ऑर्सिनचा थेंब सोडतात आणि केंद्रकाच्या कडेला चिकटलेला गडद ठिपका शोधतात. ही बार बॉडी, म्हणजे स्त्रीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी बंद करून ठेवलेले एक. प्रत्येक पेशीत ती सापडत नाही; पण एकदा नीट दिसली की ‘बंद जनुके’ ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वार्धक्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, आपल्या जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग पुनरावृत्त क्रमांचा आहे आणि त्यातील लाइन-१ नावाचे ‘उड्या मारणारे’, म्हणजे स्वतःच्या प्रती करून जनुकसंचात इतरत्र घुसणारे, घटकच सुमारे १७ टक्के आहेत. एच३ या प्रकारच्या हिस्टोनमध्ये नवव्या स्थानी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मिथाइल गट (छोट्या रासायनिक खुणा) बसतात, त्यांना एचपी१ हे प्रथिन धरते, आणि हे घटक गप्प राहतात. वयासोबत अनेक ऊतींत हा बंदोबस्त ढिला पडतो. मग लाइन-१ जागे होतात, त्यांच्या डीएनए-प्रती पेशीद्रवात साचतात, पेशी त्यांना विषाणू समजून इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारे प्रथिन सोडते आणि मंद, न शमणारा दाह सुरू राहतो. वृद्धत्व आलेल्या मानवी पेशींत आणि वृद्ध उंदरांत हे २०१९ मध्ये दाखवले गेले.

हेटरोक्रोमॅटिन ढिले पडणे हा केवळ वयाचा परिणाम आहे असे मला वाटत नाही; ते वार्धक्याचे एक कारणही असावे. प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या आजारात प्रोजेरिन हे सदोष प्रथिन केंद्रकाचे अस्तर विस्कटते आणि हेटरोक्रोमॅटिन घटते. त्याच प्रकारचे दोष निरोगी वृद्धांच्या पेशींतही २००६ मध्ये आढळले. फळमाशीत हेटरोक्रोमॅटिन वाढवल्यावर तिचे आयुष्य वाढले. मात्र ‘हेटरोक्रोमॅटिन फक्त घटते’ हे विधान अपुरे आहे, कारण विभाजन थांबलेल्या काही पेशींत त्याचे नवे दाट पुंजके तयार होतात. प्रमाणाइतकीच जागाही बदलते.

संशोधक स्टीव्ह होरवाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरील ३५३ ठिकाणांच्या मिथिलेशनवरून (म्हणजे तेथे मिथाइल गट किती बसले आहेत त्यावरून) वयाचा अंदाज बांधला. संशोधनासाठी हे साधन मोलाचे आहे, पण त्या धर्तीवर विकल्या जाणाऱ्या ‘जैविक वय’ चाचण्यांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एका व्यक्तीच्या एका आकड्यावरून उपचार ठरत नाही.

मागे फिरवण्याबाबत सांगायचे तर, २०१६ मध्ये प्रोजेरियाग्रस्त उंदरांत यामानाका घटक (प्रौढ पेशीला पुन्हा मूळपेशीसारखी करणारी चार प्रथिने) थोड्या थोड्या काळासाठी चालू करून त्यांचे आयुष्य वाढवता आले. परंतु हे घटक जास्त काळ चालू राहिल्यास गाठी होतात, म्हणून माणसांसाठी घाई नको. धूम्रपानाचे उदाहरण मात्र माणसांतलेच आहे: सिगारेटमुळे रक्तपेशींतील एएचआरआर नावाच्या जनुकाचे मिथिलेशन घटते आणि ती सोडल्यावर काही वर्षांत बरेचसे भरून येते.