आधी धंद्याला तुमच्याशिवाय राहायची सवय लावा

तुम्ही विचारलंय की स्वतःचा छोटा व्यवसाय असताना घरच्यांना घेऊन आठ दिवस बाहेर कसं जायचं, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं तर काय करायचं. माझा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. मी आणि दोन सहकारी, एवढाच पसारा. पहिली सहा वर्षं मी सुट्टीवर गेलोच नाही. सातव्या वर्षी गेलो, पण तिला सुट्टी म्हणायला माझं मन धजत नाही.

त्या सहलीत फोन सतत माझ्या हातात होता. एकदा मी अंघोळीला गेलो असताना तो वाजला आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलाने उचलला. पलीकडून एका ग्राहकाने विचारलं, "बाबा सुट्टीवर गेलेत का रे?" दाराआडून मला त्याचं उत्तर स्पष्ट ऐकू आलं. "नाही, सुट्टीवर आम्ही आलोय. बाबा कामच करतायत." तक्रारीचा सूर नव्हता, जे रोज बघत होता तेच त्याने सांगितलं. मला मात्र ते फार लागलं.

परत आल्यावर त्या चार दिवसांतले सगळे फोन आठवून मी वहीत उतरवले. एकोणीस होते. त्यातल्या दोनच वेळा माझी खरोखर गरज होती. बाकीच्या वेळी माणसं मला विचारत होती, कारण माहिती फक्त माझ्या डोक्यात होती. अमुक जाडीचा कागद कुणाकडून घ्यायचा, जुन्या ग्राहकाला कोणता दर लावायचा, फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, मशीन अडलं की कुणाला बोलवायचं. मी गुंतलो होतो तो कामात कमी आणि या न लिहिलेल्या गोष्टींत जास्त.

बँकांचं एक उदाहरण इथे चपखल बसतं. अनेक देशांत बँकांमधल्या जोखमीच्या पदांवरच्या माणसांना वर्षातून एकदा सलग दहा दिवस किंवा दोन आठवडे सक्तीने रजेवर पाठवतात. हेतू त्यांच्या विश्रांतीचा नसतो. त्या काळात काम दुसऱ्याच्या हातात जातं आणि दडलेला घोळ वर येतो. आपल्याकडे लबाडी नसेल, पण एकाच माणसावर अडकलेलं काम असतंच, आणि ते आपण हललो की लगेच दिसतं. म्हणून तिकिटं काढण्याआधी एक दिवस गावातच राहून दुकानापासून लांब राहा आणि फोन बंद ठेवा. पुढच्या महिन्यात दोन दिवस. माझ्या पहिल्याच एका दिवसात एक काम दुपारभर खोळंबलं, कारण शाई पुरवणाऱ्याचा नंबर माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हता. हे मी घरी असताना कळलं ते बरं झालं. मग आम्ही एक वही केली आणि प्रत्येक वेळी जे अडलं ते तिच्यात लिहीत गेलो. आज ती वही दुकानातलं सगळ्यात मौल्यवान सामान आहे असं मी मनापासून म्हणतो.

वहीइतकंच महत्त्वाचं म्हणजे अधिकार देणं. एक रक्कम ठरवा आणि सहकाऱ्याला सांगा की तेवढ्यापर्यंतचा निर्णय तू घे, मला विचारू नकोस. त्यात एखादी चूक होईल आणि थोडं नुकसानही होईल. ते सोसा, आणि चुकीबद्दल त्याला चारचौघांत बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो पुन्हा फोनच करेल. फोन कशासाठी करायचा हेही ठरवून द्या. आमच्याकडे अपघात, आग, चोरी किंवा त्याच दिवशी द्यायचं काम मशीनमुळे अडणं, एवढंच आहे. बाकी सगळं सकाळच्या ठरलेल्या अर्ध्या तासात.

ग्राहक तुटण्याची भीती मलाही होती. माझा अनुभव असा की बंद असण्यापेक्षा अचानक बंद असण्याने माणसं चिडतात. महिनाभर आधी सांगा, नियमित ग्राहकांना स्वतः फोन करून विचारा की त्या आठवड्यात काही लागणार आहे का. शेवटची डिलिव्हरी निघण्याच्या तीन दिवस आधीची ठेवा, आदल्या रात्रीची नको. तुम्ही अगदी एकटेच असाल तर त्याच धंद्यातला भरवशाचा माणूस शोधा. त्याच्या सुट्टीत त्याची तातडीची कामं तुम्ही करा, तुमच्या सुट्टीत त्याने तुमची.

पैशांचं थोडक्यात सांगतो. मी प्रत्येक बिलातला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो. त्यात प्रवासखर्च धरतोच, शिवाय त्या आठवड्यात न होणारी कमाईही धरतो. पगार, भाडं आणि कर भरायच्या तारखा त्या आठवड्यात येत नाहीत ना, हे आधी बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७० च्या करारात नोकरदाराला वर्षाला किमान तीन आठवड्यांची पगारी रजा सांगितली आहे. मालकाला ती कुणी देत नाही, आपली रजा आपणच साठवायची असते.

किती दिवस जावं, याबद्दल जेसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१३ मधलं संशोधन मला उपयोगी पडलं. लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांना सगळ्यात बरं आठव्या दिवसाच्या आसपास वाटत होतं, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो परिणाम ओसरत होता. अभ्यास छोटा होता, पण माझ्या अनुभवाशी जुळतो. वर्षानुवर्षं थांबून एकच मोठी सहल काढण्यापेक्षा मी आता वर्षातून एकदा आठ-नऊ दिवस आणि मध्ये दोनदा तीन-तीन दिवस जातो. मुलांच्या शाळेची सुट्टी आणि आमचा हंगाम एकत्र आला तर मोठी सहल पुढे ढकलतो, छोटी मात्र सोडत नाही.

गेल्या सहलीत चौथ्या दिवशी सहकाऱ्याचा मेसेज आला: "दादा, कागद संपत आला होता, मागवलाय. फक्त कळवतोय." मी तो बायकोला दाखवला. ती काही बोलली नाही, माझ्या हातातून फोन घेतला आणि तिच्या पिशवीत ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत मी तो मागितला नाही.