पोर्टेबल हार्डनेस टेस्टरचं रीडिंग लॅबच्या रॉकवेलशी का जुळत नाही?

तुमचा प्रश्न असा: ४० मिमी व्यासाची, ८० मिमी लांबीची हार्डन केलेली पिन लॅबच्या रॉकवेल मशीनवर ५० एचआरसी (रॉकवेलच्या सी स्केलवरचा कडकपणा) दाखवते आणि नवा पोर्टेबल टेस्टर त्याच पिनवर ४१ ते ४६ च्या मध्ये नाचतो. मशीन परत करावं का?

घाई करू नका. आधी सोबत आलेल्या टेस्ट ब्लॉकवर पाच रीडिंग घ्या. तिथे आकडा बरोबर येत असेल, तर दोष मशीनचा नाही, पिनचा आहे. खरं तर पिनच्या वजनाचा.

हे लीब पद्धतीचं मशीन. आत साधारण साडेपाच ग्रॅमचा छोटा धक्का देणारा भाग असतो, टोकाला ३ मिमीची कार्बाइडची गोळी. तो स्प्रिंगने पीसवर आपटतो आणि मागे उडतो. मागे येतानाचा वेग भागिले जातानाचा वेग, गुणिले १०००, हा झाला एचएल आकडा. एचआरसी मशीन मोजतच नाही, आतल्या टेबलातून काढतं. म्हणून मेनूत मटेरियल चुकीचं निवडलं असेल तरी घोळ होतो.

आता गंमत बघा. पीस स्वतःच थरथरला, किंचित हलला, तर धक्क्याची थोडी ऊर्जा तिथेच जाते. गोळी कमी उडते, आकडा पडतो. नेहमीच्या डी प्रोबला (प्रोब म्हणजे पीसवर टेकवायचा, धक्का देणारा हातातला भाग; डी हा त्याचा प्रकार) पीस ५ किलोच्या वर असेल तर तो नुसता ठेवून चालतं. २ ते ५ किलोला भक्कम आधार लागतो. तुमची पिन भरते जेमतेम ८०० ग्रॅम! त्यात गोलाई. त्रिज्या ३० मिमीपेक्षा कमी असली की प्रोबच्या तोंडाची सपाट आधार-रिंग चालत नाही, प्रोब डुलतो.

मीही यात फसलोय. सुरुवातीला अशाच पिनांचा अख्खा लॉट मी 'सॉफ्ट' म्हणून हीट ट्रीटमेंटवाल्याला परत पाठवला. तो बिचारा आला, एक पिन आमच्याच रॉकवेलवर लावली, ५१. चहा अर्थातच माझ्याकडून.

करायचं असं: पिन आरपार हार्डन असेल तर दोन्ही तोंडं ग्राइंड करा. एका तोंडाला कपलिंग पेस्टचा (पिन आणि प्लेटमधली फट भरणाऱ्या पेस्टचा) अगदी पातळ थर लावून पिन जड सरफेस प्लेटवर घासत दाबून उभी बसवा आणि वरच्या तोंडावर मारा. दोन खड्ड्यांत किमान ३ मिमी अंतर ठेवा. नुसता हँड ग्राइंडर फिरवून भागत नाही, शेवटी बारीक एमरी मारा. वरची डीकार्ब झालेली, म्हणजे कार्बन कमी होऊन मऊ पडलेली, कातडी राहिली तर आकडा पुन्हा खालीच येणार.

पण स्पष्ट सांगू? जी पिन रॉकवेलच्या टेबलावर बसते ती तिथेच तपासा. पोर्टेबल आहे तो उचलून न आणता येणाऱ्या डाय ब्लॉकसाठी, रोलसाठी, प्रेसच्या कॉलमसाठी. छोटे पीस जागेवरच तपासायचे असतील तर यूसीआय (अल्ट्रासोनिक पद्धतीचा पोर्टेबल टेस्टर) बघा. त्यात हिरा दाबतात, आपटत नाहीत. महाग आहे, आणि फिनिशचे नखरे त्याचेही आहेतच.

आणि रिपोर्टवर नुसतं एचआरसी लिहू नका. शेजारी मूळ एचएलडी (डी प्रोबचा एचएल) आकडा आणि निवडलेलं मटेरियलही लिहा, कारण ग्राहकाचा इन्स्पेक्टर पहिल्यांदा तेच विचारतो.